ओल्या नाड्याचा परकार

नव्या पोरींच्या हातात मी पहिल्या दिवशी एक दोरा द्यायची आणि सांगायची, याचा मध्य काढा. बहुतेक जणी वितीनं मोजायला बसत. एखादी मात्र काही न बोलता दोऱ्याची दोन टोकं जुळवायची, खाली लोंबणारी घडी चिमटीत धरायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. बरोबरच होतं तिचं. अर्धं किती हे ठाऊक नसतानाही अर्धं कुठं हे सांगता येतं, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. भूमितीची गोडी मला तिथूनच लागली.

मी मास्तरीण. निजामाच्या राज्यात मुलींच्या सरकारी शाळांवर होते, बहुतेक सगळी नोकरी भोकरदनच्या बाजूला. दिवाळीच्या अंकात लोक थोरामोठ्यांच्या भेटी लिहितात. मला भेटले ते पाटील, शाळा तपासणारे नाझर, आणि पोरीला शाळेत का घालू नये याची रोज नवी कारणं काढणारे बाप. माझं लग्न आणि माझा संसार यांचा या लेखाशी संबंध नाही, म्हणून तेही बाजूला ठेवते. सांगायचं आहे ते एका रेघेबद्दल. फळ्यावर ती मी किती वेळा काढली त्याला गणती नाही. गावाच्या जमिनीवर एकदाच काढली.

ज्यांची भूमिती शाळेबरोबर सुटली त्यांच्यासाठी आधी ती रेघ सांगते. एक सरळ रेघ घ्या. परकार तिच्या अर्ध्यापेक्षा जास्त उघडा. एका टोकावर टेकवून वर एक कमान काढा, खाली एक काढा. मग दुसऱ्या टोकावर टेकवून तसंच करा. कमानी वर एकदा आणि खाली एकदा एकमेकींना छेदतात. ते दोन छेद जोडले की नवी रेघ पहिलीला नेमकी मध्यावर कापते आणि तिच्यावर काटकोनात उभी राहते. हिचं नाव लंबदुभाजक. मी शिकले उर्दूतून, तिथं लंबाला अमूद म्हणायचे. नाव कोणतंही घ्या, रेघ तीच येते. पथ्य एकच: चारही कमानी होईपर्यंत परकार उघडला तेवढाच ठेवायचा, हलू द्यायचा नाही.

आमच्या शाळेत परकार एकच होता, पितळेचा, आणि तो नाझरसाहेबांना दाखवायला कपाटात असायचा. पोरी बाभळीचा काटा आणि दोरा घेऊन धुळीत कमानी काढत. एका बापानं ते बघून मला विचारलं होतं, की यानं पोरीची भाकर गोल होते का. मी म्हटलं, भाकर होईल तशी होऊ द्या, पोर तेवढी हजर ठेवा.

या रेघेची एक गोष्ट मात्र पोरींना पटायला वेळ लागायचा. तिच्यावरचा कोणताही बिंदू घ्या, मध्यापासून कितीही लांबचा, तो पहिल्या रेघेच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो. म्हणजे ‘दोघांना सारखी लांब’ अशी जागा एक नसते, अख्खी रेघभर असतात. दोऱ्यानं मोजून दाखवावं लागायचं, तेव्हा कुठं माना हलायच्या.

आता सावरवाडी आणि लिंबवाडी. भोकरदनहून धावड्याकडं जाताना आत पडलेल्या या दोन वाड्या, मध्ये एक ओढा. एकेका वाडीच्या पोरींनी शाळेचा पट भरत नव्हता, म्हणून तालिमात, म्हणजे शिक्षण खात्यानं दोघींना मिळून मुलींची एक शाळा मंजूर केली आणि माझी तिथं नेमणूक झाली. शाळा मंजूर, जागा नाही. सावरवाडीचे रंगनाथ पाटील म्हणाले, आमचं मारुतीचं देऊळ मोकळं आहे. लिंबवाडीकरांनी विचारलं, आमच्या पोरींनी ओढा ओलांडायचा आणि तुमच्या पोरींनी घरच्या पायरीवरून शाळेत उतरायचं का? ते बोलत होते ते चूक नव्हतं. लिंबवाडी मग बाबूमियाँची पडवी दाखवायची, आणि पाटील तोच सवाल उलटा टाकायचे. वरून हुकूम आला होता की नाझरसाहेबांच्या फेरीच्या आत दोन्ही वाड्यांना मान्य अशी जागा ठरली नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. फेरी जवळ आली होती.

मी उतरले होते द्वारकाबाईंकडं. ही पाटलांची धाकटी भावजय, नवरा गेलेला, दोन मुली. थोरली मथुरा तेरा वर्षांची. पाटील तिच्यासाठी स्थळं बघत होते, आणि घरातल्या पोरींचं काय करायचं हे तेच ठरवत. एकदा मी पाणी तापवत होते तेव्हा द्वारकाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बाई, शाळा आली न्हाई तर मथुरीला औंदाच उजवून टाकतील. भावजी म्हनले, शाळा असती तर दोन वर्सं थांबलो असतो. खरं का खोटं द्येव जाणे. पर तोंडून निघालंय त्यांच्या."

माझ्यासाठी ती बदलीची गोष्ट होती. या गावातून त्या गावात ट्रंक न्यायची एवढीच. द्वारकाबाईंसाठी काय होती ते मला त्या दिवशी कळलं.

मी दोन्ही वाड्यांना सांगितलं की शाळा बरोबर मध्यावर बांधू. याला नाही म्हणायला कुणाकडंच कारण नव्हतं, म्हणून दोन्हीकडचे हो म्हणाले.

माघाचे दिवस होते. सरळ रेघ धरायला दोन्ही वेशींवर बांबूला पांढरं धोतर बांधून निशाणं उभी केली. मोजायला साखळी कुठली? विहिरीच्या मोटेचा नाडा घ्यायचा ठरलं. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. पण सावरवाडीचा नाडा लिंबवाडीला चालेना आणि लिंबवाडीचा सावरवाडीला. शेवटी मी दोन्ही नाडे एकमेकांना गाठ मारून एकच केला. मग कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

दोन्ही वेशींकडून आत, ओढ्याच्या दिशेनं, तो नाडा सारखेच वेळा टाकत आणला. इकडून तिकडं नेताना तो गडी डोक्यावर घेऊन दगडांवरून ओढा ओलांडत. दोन्ही काठांवर जिथं शेवटचा टप्पा संपला तिथं खुंट्या ठोकल्या. उरलं ते दोन खुंट्यांमधलं अंतर. नाडा दोन्ही काठांवरून वरच्यावर ताणून धरला, तेवढ्याची घडी घातली आणि मध्य काढला. मध्य आला डोहात. ओढ्याला त्या दिवसांत दुसरीकडं कुठं घोटाभरही पाणी नव्हतं, आणि मध्य नेमका त्या डोहात. एक गडी कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि तिथं बांबू रोवून आला.

पाटील म्हणाले, "घ्या. आता कासवांचा पट भरा, बाई."

दोन्ही वाड्या हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही, कारण त्यात सुटका होती. आपण प्रयत्न केला, जमलं नाही, चला घरी, असं.

मी म्हटलं, मध्यावरच पाहिजे असं कुठं आहे? सारखी लांब पाहिजे. तशा जागा पुष्कळ आहेत. आणि खाली बसून धुळीत काटा-दोऱ्यानं रेघ काढून दाखवली. पुष्कळांनी माना डोलावल्या त्या घाईनं. लिंबवाडीचे बाबूमियाँ मात्र उकिडवे बसले. उंच, हाडकुळे, मोटकरी म्हणून नावाजलेले. त्यांनी माझ्या हातातला दोरा घेतला, रेघेवर कुठंही बोट ठेवून दोन्ही टोकांकडं ताणून बघितला, मग आणखी वर जाऊन बघितला.

"कुठंबी धरा, बराबर येऊन राह्यलं," ते म्हणाले. "म्हंजी ही रेघ कुठवर जाती?"

"जिथवर तुम्ही न्याल तिथवर."

त्यांनी मान वर करून ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं. डोहाच्या वर ओढा लगेच लिंबवाडीकडं वळसा घेतो, आणि समोर पुष्कळ अंतरावर, ओढ्याच्या उगमापाशी, एक टेकाड आहे; तिथं जायला कुणालाच ओढा ओलांडावा लागत नाही. गायरान, सरकारी जमीन, कुणाच्या मालकीचं नाही. मीही तिकडंच बघत होते.

मग आमचा परकार सुरू झाला. खुंटीपाशी नाड्याचं टोक धरायला स्वतः पाटील उभे राहिले, दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. दुसऱ्या टोकाला पहार बांधून बाबूमियाँनी ती फिरवायची. सावरवाडीच्या काठावरून वरच्या अंगाला पहिली कमान जमिनीत ओरखडली. मग पलीकडच्या काठावर जायचं होतं. ऊन चढलं होतं, सगळ्यांना घाई झाली होती; दोघांनी नाडा सरळ डोहातून ओढत नेला. लिंबवाडीच्या काठावरून दुसरी कमान काढली. छेद मिळाला, तिथं बांबू रोवला. डोहातला बांबू आणि हा बांबू एका नजरेत धरून मी टेकाडाकडं बघितलं.

रेघ टेकाडावर जात नव्हती. ती लिंबवाडीच्या बाजूला कलून टेकाडाखाली उतरत होती, थेट बाबूमियाँच्या शेतात. छेदाजवळ फरक हात-दोन हातांचाच असेल, पण रेघ लांब नेली की फरकही लांब जातो.

पाटलांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्तच लागलं. "नाडा कोनी तरी ढिला सोडला. शाळा कोनाच्या वावरात चालली, समद्यांला दिसून राह्यलं."

बाबूमियाँनी हातातली पहार खाली टाकली. तळहात पुढं केले. नाड्यानं साल निघाली होती.

"पाटील, हे ढिल्या नाड्यानं होत न्हाई. तुम्ही मला चोर म्हनून राह्यले. मंग राहू द्या. आमची पोरगी बी न्हाई येनार आन् आमच्या वाडीतली येक बी न्हाई."

लिंबवाडीची माणसं उठली. द्वारकाबाई बायांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्या पाटलांकडं बघत नव्हत्या, बाबूमियाँकडंही नाही. माझ्याकडं बघत होत्या.

मला खरं तर घाबरायला हवं होतं. पण डोक्यात भलतंच चाललं होतं. रेघ चुकली का? खुंट्या मी स्वतः तपासल्या होत्या. मध्य घडी घालून काढला होता, घडी खोटं बोलत नाही. आणि मग लक्षात आलं की पोरींना मी ज्यासाठी रागावायची ते मीच केलं होतं: खालच्या कमानी काढल्याच नव्हत्या. काम वरच्या अंगाला होतं, म्हणून खालचं सोडलं होतं. पडताळा खालच्या छेदानं येतो. वरचा छेद, मध्य आणि खालचा छेद, तिन्ही एका रेषेत आले तर आकृती बरोबर. नाही आले तर कुठं तरी चुकलं.

मी बाबूमियाँना म्हटलं की माझं काम अर्धंच झालंय. रागावून जायचं तर जा, पण पूर्ण आकृती बघून जा, नाही तर जन्मभर कळणार नाही की काय चुकलं. यातलं कोणतं वाक्य लागू पडलं मला माहीत नाही. त्यांनी पहार उचलली.

खालच्या अंगाला वाळू होती, कमानी छान उमटल्या. या वेळी अख्खी सावरवाडी बाबूमियाँच्या हाताकडं बघत होती. एका काठावरून एक, दुसऱ्यावरून एक. छेदावर बांबू रोवला. मी खाली जाऊन त्या बांबूमागं उभी राहिले आणि एक डोळा मिटला. पुढं डोहातला बांबू याच्याआड लपला. वरचा मात्र लपला नाही. तो बाजूला, लिंबवाडीकडं, वेगळाच उभा होता. आणि मध्याच्या बांबूवरून नजर पुढं टेकाडावर गेली ती बरोबर त्याच्या माथ्यावर.

पाटलांनीही डोळा मिटून बघितलं. "झालं की. आता समदे बघत होते तर नीट आली. मघाशी कोनी बघत नव्हतं तर वाकडी. अजून काय पायजे?"

पडताळ्यानं भांडण मिटण्याऐवजी वाढलं. दिसायला पाटलांचं बरोबर होतं. तोच माणूस, तीच खुंटी, तोच नाडा. एकदा चुकतं आणि एकदा बरोबर येतं. मधे काय बदललं? मी नाडा गोळा करायला वाकले. हात गार पडला. नाडा टोकापासून टोकापर्यंत ओला होता.

मोटेचा नाडा ओला झाला की आखडतो, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाडा पहिल्यांदा विहिरीत गेला की मोट बुडेपर्यंत पोचत नाही म्हणून गडी शिव्या देतो. तिथं जमलेल्या प्रत्येकानं ते हातानं अनुभवलं होतं. पण त्या दिवशी तो विहिरीवरचा नाडा राहिला नव्हता, मोजायची वस्तू झाला होता, आणि मोजायची वस्तू आखडते असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिली कमान कोरड्या नाड्याची. दुसरी डोहातून निघालेल्या ओल्या नाड्याची. खालच्या दोन्ही ओल्याच्या, म्हणून त्या एकमेकींशी जुळल्या. ओला असो की कोरडा, दोन्हीकडं सारखा पाहिजे, एवढंच त्या रेघेचं मागणं असतं.

हे मी बोलून दाखवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मी पाटलांना म्हटलं, तुम्ही पहार घ्या. नाडा सावरवाडीच्या खुंटीला अडकवला. टोक मी धरलं. पहिली कमान जमिनीवर होतीच. मी त्यांना म्हटलं की फरक नुसता ढिला की ताठ धरण्याचा असेल तर तुम्ही ताणून पहार त्या कमानीपर्यंत न्याल. न्या.

पाटील अंगानं भरलेले होते. त्यांनी नाडा ताणला. पहार कमानीच्या अलीकडंच थांबली. त्यांनी पाय रोवले, मागं रेलले, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. पहार हातभर कमी ती कमीच.

बायांच्या घोळक्यातून द्वारकाबाई बोलल्या. दिराशी त्या एरवी पदराआडून बोलत.

"भावजी, आता तुम्ही बी ढिला सोडला का?"

लिंबवाडी हसली, मग सावरवाडीही हसली. पाटील हसले नाहीत. त्यांनी नाडा दोन बोटांत धरून पिळला. पाण्याचे थेंब पडले. ते थेंबांकडं बघत राहिले. मग स्वतःच, कुणी न सांगता, नाडा दुसऱ्या काठावर नेला आणि लिंबवाडीच्या खुंटीवरून दुसऱ्या कमानीवर धरून बघितला. तिथं पहार नेमकी ओरखड्यात बसली, म्हणजे ती कमानही ताठ नाड्यानंच काढलेली होती. या माणसाला मी हट्टी समजत होते. तो हट्टी होताच, पण त्याला समजून घ्यायचंही होतं, आणि दोन्ही एका माणसात असू शकतं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चोरी कुणी केली नाही. परकार हलला. नाडा डोहातून नेताना मी थांबवायला पाहिजे होतं."

माफी वगैरे मागायची त्या भागात पद्धत नाही, निदान पाटलांची नाही. त्यांनी पहार बाबूमियाँपुढं धरली.

"घ्या. तुम्हीच फिरवा. मी खुंटी धरतो."

बाबूमियाँनी पहार लगेच घेतली नाही. आपल्या तळहातांकडं बघितलं, मग टेकाडाकडं बघितलं. "येक करा," ते म्हणाले. "आधी पुरा नाडा डोहात बुडवा. मंग दोन्हीकडं वला. मंग बघू रेघ कुठं जाती."

म्हणजे त्यांना कळलं होतं. वर्षानुवर्षं शिकवून परीक्षेला बसवलेल्या पोरींनाही जे सहज कळत नाही, ते रागाच्या भरात उभ्या असलेल्या माणसाला कळलं होतं. दोघांनी मिळून नाडा बुडवला, कमानी पुन्हा काढल्या, वरचा बांबू उपटून नव्या छेदावर रोवला. आता तिन्ही बांबू एकाआड एक लपले. प्रत्येकाला एक डोळा मिटून बघायचं होतं, रांग लागली. बायांनीही बघितलं. रेघ टेकाडाच्या माथ्यावर गेली, आणि तिथं दगड पुरला.

नाझरसाहेब आले तेव्हा जागा ठरलेली होती. ती कशी ठरली हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन्ही वाड्यांनी मिळून मातीच्या भिंती उभ्या केल्या, वर धाब्याचं छत टाकलं, शेजारी मला राहायला एक खोली. पाटील बोलल्याप्रमाणं थांबले. मथुरा शाळेत आली. दोन वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही. मग तीर्थपुरीला लग्न करून दिली. लिहिता-वाचता येत होतं, हिशेब येत होता, आणि लंबदुभाजक येत होता. याहून जास्त मिळालं असतं तर मला हवं होतं. तिची धाकटी बहीण मात्र पुढं शिकली.

पण मला आठवतात ते शाळेचे पहिले काही दिवस. आमच्या धंद्यातलं अर्धं काम फळ्यासमोर नसतं, दारोदार असतं. सकाळी गावात फिरून, चुलीपुढून, धाकट्या भावाला खेळवताना पोरी उठवून आणायच्या. दोन वाड्या म्हणजे दुप्पट दारं, असा मी हिशेब केला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाटील टेकाड चढून वर आले, धाप लागलेली.

"बाई, लिंबवाडीच्या पोरी रोज आधी पोचून राह्यल्या. मोजमापात पुन्हा काही तरी खोट हाय."

मी म्हटलं, शाळा बरोबर जागेवर आहे. तुमच्या पोरी उशिरा निघतात.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना पाटील सावरवाडीच्या वेशीत काठी घेऊन उभे राहिले आणि एकेका घरातून पोरी बाहेर काढल्या, पहिली मथुरा. हे कळल्यावर त्याच्या दुसऱ्या दिवशी लिंबवाडीच्या वेशीत बाबूमियाँ उभे. आठवडाभरात अशी वेळ आली की मी तोंड धुवायला तांब्या घेऊन बाहेर यावं, तर दोन्ही उतारांवरून पोरी पळत वर येताहेत, आणि खाली दोन वेशींत दोन म्हातारे कुणाच्या आधी पोचल्या ते बघत उभे. त्या शाळेत होते तोवर पोर आणायला मी कुणाच्याही दारात गेले नाही.